वंशावळ शोधायची तर आधी घरातली लग्नं शोधा: बडोद्याच्या मराठी घरांसाठी

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत ‘आम्ही पिलाजीरावांबरोबर आलो’ हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. म्हणजे अठराव्या शतकात गुजरातेत गायकवाडांचं राज्य उभं करणाऱ्या पिलाजीराव गायकवाडांबरोबर. काही घरांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, शियाबाग या भागांतल्या कितीतरी घरांचे मूळपुरुष त्यानंतर दीडशे वर्षांनी, महाराजा सयाजीराव तिसरे यांच्या काळात शिक्षक, कारकून, ओव्हरसियर किंवा छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी म्हणून इथे आले. दोन्ही गोष्टी सारख्याच अभिमानाच्या आहेत, पण दोघांचे कागद वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. म्हणून मूळपुरुषापासून खाली यायचं नाही. स्वतःपासून सुरुवात करायची आणि एकेक पिढी पक्की करत मागे जायचं. ज्या पिढीला कागद नाही तिथे थांबायचं, पुढची उडी मारायची नाही.

आणि हे करताना आधार धरायचा तो लग्नांचा. जन्ममृत्यूच्या नोंदी एका माणसाबद्दल बोलतात. लग्नाचा कागद दोन घरं, दोन गावं, दोन कुलदैवतं आणि चार-सहा नातेवाईक एका जागी आणून ठेवतो. शिवाय आपल्या बहुतेक वंशावळींत मुलगे, नातू, पणतू असे नुसते पुरुषच लिहिलेले असतात. ज्या बायकांच्या पोटी ही पिढी जन्मली त्यांची नावं फक्त लग्नाच्या कागदांत उरलेली असतात. ती न मिळवता केलेली वंशावळ मी तरी अर्धीच मानते.

खानेसुमारीकडून काय मिळेल, काय नाही

परदेशी नातेवाईक सांगतात की त्यांच्याकडे शंभर वर्षांपूर्वीच्या जनगणनेत, म्हणजेच खानेसुमारीत, पणजोबांचं नाव, वय, धंदा, सगळं सापडतं. आपल्याकडे तसं होणार नाही, हे आधीच समजून घेतलेलं बरं. १८८१ पासून दर दहा वर्षांनी झालेल्या खानेसुमारीत बडोदे संस्थानही होतं; पण घरोघर भरलेले तक्ते आकडे काढून झाल्यावर जपून ठेवले गेले नाहीत. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नं कुटुंबाची माहिती गुप्त ठरवली. ती कोणाला पाहता येत नाही आणि कोर्टातही पुरावा म्हणून चालत नाही. तेव्हा ‘जनगणनेचा जुना उतारा काढून देतो’ असं कोणी पैसे मागून सांगत असेल तर सरळ नाही म्हणा.

मग खानेसुमारी कशाला बघायची? काळ समजायला. बडोदे संस्थानचे अहवाल जनगणना खात्याच्या डिजिटल लायब्ररीत फुकट उतरवून घेता येतात. १९११ चा अहवाल गोविंदभाई हाथीभाई देसाई यांनी तयार केला आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. या अहवालांतून कडी, बडोदे, नवसारी आणि अमरेली या प्रांतांत कोणत्या जातीचे, कोणती भाषा बोलणारे, कोणत्या धंद्यातले किती लोक होते ते कळतं. एखाद्या महालात, म्हणजे तालुक्यात, मराठी बोलणारे मोजकेच असतील आणि तुमचे पणजोबा तिथे नोकरीला होते असं घरात सांगत असतील, तर शोध केवढा सोपा होतो ते लक्षात घ्या.

आकडे आणखी एक गोष्ट सांगतात. १८९१ मध्ये संस्थानची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती, ती १९०१ मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली. मधे संवत १९५६ चा, म्हणजे १८९९–१९०० चा छप्पनियो दुष्काळ होता, शिवाय १८९६ पासून प्लेग होता. पुढे १९१८ मध्ये इन्फ्लुएंझा आला. तुमच्या वंशावळीत या वर्षांच्या आसपास अचानक दुसरेपणाचं लग्न, दत्तक किंवा मामाकडे वाढलेलं पोर दिसलं, तर ती कुटुंबानं लपवलेली भानगड समजू नका. हजारो घरांत तसंच झालं होतं.

नावांची उणीव काही अंशी मतदारयाद्या भरून काढतात. त्यांत घर क्रमांकानुसार माणसं, वय आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, म्हणजे एका छपराखाली कोण राहत होतं ते दिसतं. गुजरातची २००२ ची यादी ऑनलाइन पाहता येते. यादी गुजरातीत आहे, तेव्हा शोधताना आडनाव आधी येतं, नावांना ‘भाई’ आणि ‘बेन’ चिकटतात आणि जाधवचं जादव होतं, हे ध्यानात ठेवून सगळी रूपं चाळा.

घरातले लग्नाचे कागद

आता मुख्य काम. कोणत्याही कचेरीत जाण्याआधी घरातला माळा, देवघराखालचं कपाट आणि आजीची ट्रंक उघडा. आजोबा-पणजोबांच्या लग्नाचा सरकारी दाखला बहुधा मिळणार नाही, कारण तेव्हा नोंदणी करतच नसत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात नोंदणीची सोय आली, पण गुजरातेत ती सक्तीची झाली २००६ च्या कायद्यानं. त्याआधीच्या लग्नांचा पुरावा घरातच शोधावा लागतो.

पहिली गोष्ट म्हणजे लग्नपत्रिका. ती नुसती तारखेसाठी वाचू नका. ‘आमचे ज्येष्ठ बंधूंची द्वितीय कन्या’ असं छापलं असेल तर मुलीचे वडील तेव्हा हयात नसावेत आणि काकांनी लग्न लावलं असावं, अशी शंका घ्यायची. मग वडिलांच्या मृत्यूची नोंद त्या तारखेच्या आधीच्या वर्षांत शोधायची. निमंत्रकांची नावं वयाच्या क्रमानं असतात. खाली कोपऱ्यात लग्नस्थळ असतं. ते मुलीकडचं गाव असेलच असं नाही, कारण सोयीसाठी पुष्कळ लग्नं बडोद्यातच झाली. पत्रिकेवरच्या ‘मूळगाव’ किंवा ‘हल्ली मुक्काम’ या शब्दांसाठी तर ती भिंगातून बघावी.

दुसरी गोष्ट, लग्न ठरताना केलेली याद. हुंडा, करणी (लग्नात वरपक्षाला द्यायच्या वस्तू), मानपान, कोणाला शालू आणि कोणाला खण हे दोन्हीकडच्या कर्त्या माणसांनी बसून लिहायचं आणि खाली सह्या करायच्या अशी पद्धत होती. हुंडा वाईटच, पण त्या यादीत विहीण, आजेसासू, नणंदा, व्याह्यांचे भाऊ हे सगळे नात्यासकट येतात. मानपानाच्या यादीतून एखाद्या घरातल्या तीन पिढ्यांच्या बायका एका पानावर मिळतात.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाची म्हणजे आहेराची वही. लांबट, लाल कापडी बांधणीची ही वही लोक रद्दीत घालतात, कारण तिच्यात नुसते रुपये-आणे दिसतात. एक पान नीट बघा. ओळीच्या सुरुवातीला नाव किंवा नुसतं नातं, मग गाव, मग वस्तू, शेवटी रक्कम. ‘मामा, खेड, शेला व रु. ११’, ‘आत्याबाई, डभोई, खण १, रु. २’, ‘चुलत सासरे, नवसारी, तांब्या १’. यातल्या मामाच्या ओळीवर बोट ठेवा. अंतरपाटापाशी नवरीमागे उभा राहतो तो मामा, त्याचा आहेर मोठा आणि त्याची नोंद हमखास. नवरीच्या मामाचं आडनाव हेच नवरीच्या आईचं माहेरचं आडनाव. वहीत त्याचं पूर्ण नाव असलं तर एरवी कुठेच न सापडणारी एक पिढी एका ओळीत हाती लागते. ‘आत्याबाई, डभोई’वरून वडिलांची बहीण कुठे दिली होती ते कळतं, आणि तिच्या घरी तुमच्या घराचे कागद असण्याची शक्यता असते.

कागद नसतील तर भांडी बघा. माळ्यावरच्या तांब्या-पितळेच्या घागरी, पराती, पंचपात्री यांच्या काठावर ‘लग्नप्रीत्यर्थ’ असं कोरून देणाऱ्याचं नाव, कधी गाव, कधी तारीखही घातलेली असते. चिंचेनं घासून, तिरक्या उजेडात धरून वाचा आणि फोटो काढा. हे मोडीत घालण्यापूर्वी करा.

बायकांची दोन नावं

शोध अडकतो तो बहुतेक वेळा इथे. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर सोन्याच्या अंगठीनं नवीन नाव लिहीत, आणि त्या क्षणापासून यमूची सरस्वती होई. शाळेच्या रजिस्टरात यमू, घराच्या दस्तात सरस्वतीबाई आणि घरातल्या आठवणीत नुसत्या ‘काकू’. तिन्ही एकच बाई. म्हणून प्रत्येक स्त्रीसाठी माहेरचं पूर्ण नाव, सासरचं पूर्ण नाव, हाक मारायचं नाव आणि माहेरचं गाव असे चार रकाने ठेवा. दुसरेपणाच्या लग्नात नवीन बायकोला कधी पहिलीचंच नाव दिलं जाई. चाळीस वर्षांच्या अंतरानं मुलं झालेली ‘एक’ पणजी दिसली तर त्या दोघी असू शकतात.

ब्राह्मण आणि इतरही काही घरांत पितृपक्षातल्या महालयाची यादी असते. श्राद्धाच्या संकल्पात वडील, आजोबा, पणजोबा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी आणि आईकडचे आजोबा-पणजोबाही गोत्रासह उच्चारावे लागतात. शिवाय काका, आत्या, मावश्या, सासरे येतात. गुरुजींनी किंवा आजोबांनी हे एका कागदावर लिहून पोथीत ठेवलेलं असतं. ही यादी हाती आली की माहेर-सासर दोन्हीकडच्या तीन पिढ्या समोर येतात. मराठा घरांत देवक आणि कुळी विचारा. आडनाव एक आणि देवक वेगळं असेल तर ते घराणं तुमचं नव्हे, कितीही जवळ राहत असलं तरी.

आत्या, मावशी, आजेमावशी यांना विचारायला जाताना ‘आपले पूर्वज कोण’ असं विचारू नका. त्याला उत्तर येत नाही. ‘तुमच्या लग्नात करवली कोण होती, मामा कुठून आले होते, पहिली मंगळागौर कोणाकडे झाली’ असं विचारा. लग्नाच्या आठवणी बायकांना तपशीलवार असतात आणि एकातून दुसरी निघत जाते. परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.

शाळा आणि महानगरपालिका

बडोद्याच्या माणसाला जी सोय आहे ती इतर फारशा ठिकाणी नाही. सयाजीरावांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानाला लागू केलं, तेही मुलींसकट. त्यामुळे १९०० च्या आसपास जन्मलेल्या पणजीचं नाव एखाद्या शाळेच्या जनरल रजिस्टरात असण्याची खरी शक्यता आहे, आणि तेही माहेरच्या नावानं, वडिलांचं नाव, जात, जन्मस्थळ यांसह. कोणत्या पेठेत माहेर होतं ते काढा आणि जवळची जुनी शाळा शोधा. शाळा बंद झाली असेल तर नगर प्राथमिक शिक्षण समितीकडे रजिस्टर कुठे गेलं याची चौकशी करा. नातं दाखवणारा कागद आणि साधा अर्ज सोबत ठेवा. तिथली जन्मतारीख मात्र अंदाजे धरा. शाळेत घालताना ती बेतानं सांगत.

महानगरपालिकेच्या जन्ममृत्यू विभागात जाताना मृत्यूची नोंद आधी मागा. तिच्यात वय आणि पत्ता असतो, आणि त्यावरून जन्माचं साल काढता येतं. बायकांची नोंद नवऱ्याच्या नावानं शोधा. जुन्या नोंदी वर्षावारी लावलेल्या असतात, म्हणून ‘साधारण १९३० ते ४०’ असं न सांगता दोन-तीन वर्षांच्या टप्प्यात माहिती न्या.

घर किंवा शेत असेल तर सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड आणि गाव नमुना ६ मधली वारसाईची नोंद काढा. कोण वारलं, मागे कोण राहिलं, विधवा आणि मुलींची नावं काय, हे तिथे येतं. तलाठी वारसासाठी करतात तो पेढीनामा जुन्या वाटणीच्या फाइलीत मिळाला तर तयार वंशावळच मिळाली समजा, पण तीही दुसऱ्या कागदाशी ताडून घ्या. मालमत्तेच्या वेळी नावं गाळलीही जातात.

कोठीतले संस्थानी कागद

बडोदे संस्थानचे कागद कोठीच्या इमारतीत राज्य अभिलेखागाराच्या कचेरीत आहेत. तिथे ‘माझ्या पणजोबांचे कागद दाखवा’ म्हणून उपयोग नाही, कारण कागद माणसावार नसून खात्यावार लावलेले असतात. पणजोबा कोणत्या खात्यात, कोणत्या प्रांतात आणि साधारण कोणत्या वर्षी होते हे आधी ठरवा. राजवाड्याशी संबंध असेल तर खानगी खातं, शिक्षक असतील तर विद्याधिकारी कचेरी, महसुलात असतील तर सुभा किंवा वहिवाटदाराची कचेरी, शिलेदार असतील तर पागा आणि लष्कर, इनाम असेल तर बारखळी, म्हणजे इनाम जमिनींचं खातं. नेमणुका आणि हुकूम संस्थानच्या ‘आज्ञापत्रिके’त छापून येत. साल सापडलं की मग मूळ फाइल मागणं सोपं जातं.

लग्नांपुरतं सांगायचं तर संस्थानात १९०४ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला. मुलीला १२ आणि मुलाला १६ वर्षांची मर्यादा होती. ती मोडली तर दंड होई, आणि अपवाद म्हणून परवानगीही मागता येई. घरात ‘आजोबांना लग्नापायी दंड झाला होता’ अशी गोष्ट चालत आली असेल तर ती थट्टेवारी नेऊ नका. त्या महालाच्या फौजदारी-दिवाणी कागदांत शोधा. १९३१ चा हिंदू घटस्फोटाचा कायदाही बडोद्यात होता. अशा फाइली मिळाल्या तर नाजूक हातांनी वापरा.

एकोणिसाव्या शतकातले मराठी कागद मोडी लिपीत असतात. वाचून घ्यायला जाणकार मिळतात, पण आपल्या घराण्याची नावं, गाव आणि ‘बिन’ (म्हणजे ‘चा मुलगा’) एवढं ओळखता येईल इतकी मोडी स्वतः शिका. महाराष्ट्राचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं.

तारखांचा घोळ इथेच होतो. इसवी सन काढायला शकाला चैत्र ते डिसेंबर ७८ आणि त्यानंतर फाल्गुनाअखेर ७९ मिळवा. गुजरातचं संवत कार्तिकात बदलतं. त्यातून कार्तिक ते डिसेंबर ५७ आणि पुढे आश्विनापर्यंत ५६ वजा करा. जुन्या मोडी कागदांत शुहूर सन, म्हणजे अरबी आकड्यांत सांगितलेलं साल, शब्दांत असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ आणि ६० आणि १०० आणि १०००, एकूण ११६१. हा सन मृगाला सुरू होतो, म्हणून जून ते डिसेंबर ५९९ आणि पुढे ६०० मिळवायचे. पानिपतचा जानेवारी १७६१ याच सालात येतो. मूळ तारीख जशीच्या तशी लिहा आणि शेजारी इंग्रजी तारीख घाला.

महाराष्ट्रातलं गाव

गायकवाड मूळचे खेडजवळच्या दावडीचे, म्हणून त्यांच्याबरोबरची बरीच घरं पुणे भागातली. पण सरसकट तसं धरू नका, सयाजीराव स्वतः नाशिककडच्या कौळाण्याचे. गाव एकदा ठरलं की गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाचं जन्ममृत्यूचं बुक, आणि शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा हे पहिले कागद. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ पासून यांतलं पुष्कळ स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आलं आहे. तुम्हाला दाखला नको असला तरी त्या याद्या चाळा. ‘आपले अभिलेख’ या पोर्टलवर जुने फेरफार मिळतात. इनामदार किंवा वतनदार घराणं असेल तर पुण्याच्या पेशवे दफ्तरात, विशेषतः इनाम कमिशनच्या कागदांत शोधा. तिथे हक्क सिद्ध करायला लोकांनी स्वतःच वंशावळी दिलेल्या आहेत.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया, प्रयाग, हरिद्वार या ठिकाणच्या उपाध्यांकडे यजमानांच्या वह्या असतात. हरिद्वारच्या काही वह्यांचं चित्रण फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळानं केलेलं आहे, पण समोर बसून वाचून घेण्याची सर त्याला नाही. आडनाव, जात आणि मूळगाव सांगा. बडोदे सांगून वही निघेलच असं नाही, कारण वह्या बहुधा मूळ गावाच्या नावानं लावलेल्या असतात. दोन-तीन शाखांची नावं तोंडपाठ ठेवा, म्हणजे उपाध्ये पान पटकन ओळखतात. पानावर आलेल्या माणसाची सही किंवा त्याच्या वतीनं लिहिलेली ओळ असते: कोण, कोणाचा मुलगा, भाऊ कोण, बरोबर कोण आलं होतं. उत्तरेकडच्या वह्यांत संवत चैत्रात बदलतं आणि कृष्ण पक्षात महिन्याचं नाव आपल्यापेक्षा एक पुढचं असतं, हे तारीख लावताना विसरू नका.

नवराबायको लग्नानंतर कुलदैवताला जातात, म्हणून जेजुरी आणि तुळजापूरच्या पुजाऱ्यांकडेही विचारा. जवळची दोन ठिकाणं मात्र बडोदेकरांनी चुकवू नयेत. एक चांदोद, जिथे नर्मदेवर मल्हारराव घाट आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या इथली घरं अस्थी व श्राद्धासाठी गेली आहेत. दुसरं सिद्धपूर, जुन्या कडी प्रांतातलं मातृगया. तिथलं श्राद्ध फक्त आईचं असतं, म्हणून आईचं नाव सांगितल्याशिवाय ते होतच नाही. पणजीचं नाव कुठेच मिळत नसेल तर पणजोबांच्या मुलांपैकी कोणी सिद्धपूरला गेलं होतं का, याचा तपास करा.

तिथे गेल्यावर दक्षिणा आधी ठरवा, पानाचा फोटो परवानगीनं काढा आणि आपल्या घराची नवी नोंद करून या. नोंद सांगताना मुलींची नावं, त्या कुठे दिल्या ते गाव, सुनांची माहेरची नावं हेही लिहून घ्या म्हणावं. उपाध्ये लिहून घेतात, फक्त ते आपणहून विचारत नाहीत.